पुंगळी अडकते तेव्हा…

नागपूर – खास प्रतिनिधी

चांदमारीवरचा सराव संपला की जवानांची एक रांग गुडघ्यावर बसून गवतात काहीतरी वेचू लागते. झाडलेल्या काडतुसांच्या या पितळी पुंगळ्या. त्या मोजून, नोंद करून शस्त्रागारात परत जमा कराव्या लागतात. एखादी कमी भरली तर ती सापडेपर्यंत शोध चालतो. हिशेबाची ही शिस्त सर्वांना ठाऊक असते. मात्र वेचलेली पुंगळी हातात धरून तिच्याकडे निरखून पाहणारे थोडेच. वास्तविक रायफलीच्या प्रकृतीविषयी पुंगळी जेवढे सांगते तेवढे रायफलीचा दुसरा कोणताही भाग सांगत नाही. ती कुठे पडली, किती दूर पडली, तिच्या कडेवर ओरखडे आहेत का, तिच्या बुडाचा रंग कसा आहे, यावरून जाणकार आर्मोरर दोषाचे निदान करतो. आणि ती बाहेर पडलीच नाही, तर प्रश्न थेट जिवाचा होतो.

नागपूरकरांना हा विषय परका वाटण्याचे कारण नाही. कामठीची छावणी १८२१ मध्ये वसली आणि ब्रिगेड ऑफ द गार्ड्सचे प्रशिक्षण केंद्र आज तेथे आहे. हिंगणा रस्त्यावर राज्य राखीव पोलीस दलाचा गट क्रमांक चार आणि केंद्रीय राखीव पोलीस दलाचे केंद्र आहे. सुराबर्डीत नक्षलविरोधी लढाईचे खास प्रशिक्षण दिले जाते. अंबाझरीचा आयुधनिर्माणी कारखाना १९६६ पासून तोफगोळ्यांचे धातूचे सांगाडे घडवत आला असून, २०२१ मध्ये आयुधनिर्माणी मंडळाचे सात कंपन्यांत विभाजन झाल्यावर त्यांतील यंत्र इंडिया लिमिटेडचे मुख्यालयही येथेच आले. गडचिरोलीच्या जंगलात पाठविल्या गेलेल्या कितीतरी तुकड्या याच शहरातून गेल्या. या शहरातल्या अनेक घरांत आई, पत्नी किंवा बहीण अशी आहे की जिच्या माणसाचे आयुष्य कधीतरी एका पितळी नळकांड्याने वेळेवर बाहेर पडण्यावर अवलंबून राहिले आहे.

थ्री नॉट थ्री ते एसएलआर

जुनी थ्री नॉट थ्री बोल्टची रायफल होती. गोळी झाडली की जवान स्वतःच्या हाताने बोल्ट उघडून पुंगळी बाहेर काढी आणि नवे काडतूस आत ढकली. काम संथ होते, पण पुंगळी घट्ट बसली असेल तर हाताला लगेच समजे. १९६२ च्या चीन युद्धात भारतीय जवान याच रायफली घेऊन लढले. त्यानंतर सेल्फ लोडिंग रायफल, म्हणजे सर्वांच्या तोंडी असलेली एसएलआर, पश्चिम बंगालमधील ईशापूरच्या कारखान्यात मोठ्या प्रमाणावर बनू लागली. बेल्जियमच्या एफएन कंपनीत दियुदोने सेव्ह यांनी केलेल्या आराखड्याचे हे भारतीय रूप. ७.६२ मिलिमीटर व्यासाची गोळी, ५१ मिलिमीटर लांबीची पुंगळी, वीस काडतुसांचे मॅगझिन. चाप एकदा ओढला की एकच गोळी सुटते. मात्र पुंगळी काढणे आणि पुढचे काडतूस भरणे ही दोन्ही कामे रायफल स्वतः करते. १९९० च्या दशकाच्या अखेरीस लष्करात तिची जागा ५.५६ मिलिमीटरच्या इन्सासने घेण्यास सुरुवात केली. पोलीस दलांत मात्र एसएलआरने पुढेही दीर्घकाळ सेवा बजावली.

रायफल हे काम करते ते उसनवारीवर. काडतुसातील दारू जळून जो वायू निर्माण होतो, त्यातील थोडासा भाग नळीच्या वरच्या बाजूस असलेल्या बारीक छिद्रातून एका दंडगोलात शिरतो. तेथे असलेला दट्ट्या मागे रेटला जातो. दट्ट्याच्या धक्क्याने मागचा सांगाडा सरकतो, ब्रीच ब्लॉकचे शेपूट उचलले जाऊन कुलूप उघडते आणि ब्लॉक मागे निघतो. ब्लॉकच्या तोंडाशी असलेला एक्स्ट्रॅक्टर नावाचा आकडा पुंगळीच्या बुडाची कड पकडून तिला चेंबरमधून ओढतो. मागे जाता जाता पुंगळीच्या बुडाची डावी बाजू इजेक्टर नावाच्या स्थिर खुंटीवर आदळते आणि पुंगळी गिरकी घेत उजवीकडच्या खिडकीतून बाहेर उडते. दस्त्यातील स्प्रिंग मग सर्व यंत्रणा पुढे ढकलते आणि जाता जाता मॅगझिनमधील वरचे काडतूस आत नेते.

पुंगळी ओढणे आणि पुंगळी फेकणे या दोन वेगळ्या क्रिया आहेत. सर्रास दोन्हींना मिळून ‘केस अडकली’ असे म्हटले जाते आणि तेथेच निदान चुकते. चेंबरमध्ये रुतून बसलेली पुंगळी आणि खिडकीत धुराड्यासारखी उभी अडकलेली पुंगळी ही दोन वेगळ्या आजारांची लक्षणे आहेत.

पितळच का?

पुंगळीसाठी साधारण सत्तर टक्के तांबे आणि तीस टक्के जस्त असलेले पितळ वापरतात, ते सवयीने नव्हे. बार होताना चेंबरमधील दाब वातावरणाच्या तीन हजार पटींहून अधिक होतो. त्या क्षणी पुंगळीची भिंत फुगून चेंबरला चिकटते आणि मागे वायू येऊ देत नाही. दाब उतरताच तीच भिंत किंचित आकसून चेंबरपासून सुटते. हे फुगणे आणि आकसणे सेकंदाच्या काही हजारांश भागात उरकते. पितळाची ही लवचीकता नसेल तर आकड्याने कितीही ओढले तरी पुंगळी हलणार नाही. अमेरिकेत १८७६ मध्ये लिटल बिगहॉर्नच्या लढाईत कस्टरच्या सैनिकांकडे तांब्याच्या मऊ पुंगळ्यांची काडतुसे होती आणि त्या गरम नळीत रुतून बसल्याच्या तक्रारी झाल्या. पुढे तेथील लष्कर पितळाकडे वळले.

जाता जाता एक खुलासा. लष्करी पुंगळीच्या तोंडाजवळ निळसर-तपकिरी झाक दिसते. नवशिके ती जळाल्याची खूण समजतात. तो कारखान्यात तोंडाचा भाग मऊ करण्यासाठी दिलेल्या उष्णतेचा डाग असतो. दोष नव्हे.

पुंगळी काय सांगते

नीट चालणाऱ्या एसएलआरच्या पुंगळ्या उजवीकडे काही पावलांवर, बऱ्यापैकी एकाच टापूत पडतात. त्या पायाशीच टपकू लागल्या तर दट्ट्याला पुरेसा जोर मिळत नाही. त्या भलत्याच दूर भिरकावल्या जात असतील, त्यांच्या कडा वाकत असतील, तर जोर गरजेपेक्षा जास्त आहे. असा जादा जोर आज त्रास देत नाही, परंतु एक्स्ट्रॅक्टर आणि इतर भाग लवकर झिजवतो.

हा जोर कमीजास्त करण्यासाठी एसएलआरला गॅस रेग्युलेटर दिलेला आहे. त्याचे तत्त्व उलटे वाटावे असे आहे. रेग्युलेटर जितका उघडा, तितका वायू बाहेर हवेत निसटतो आणि दट्ट्याला कमी मिळतो. बंद केला की दट्ट्याला जास्त मिळतो. म्हणून जुळणी करताना तो मोकळा ठेवून एकेक काडतूस झाडतात, दर बारानंतर थोडा बंद करतात आणि पुंगळी खात्रीने बाहेर पडू लागली की धूळ व काजळीसाठी थोडा जोर राखून तेथे थांबतात. काजळी साचली म्हणून रेग्युलेटर बंद करत सुटणे हा मात्र आळशी उपाय आहे. रायफल तेवढ्यापुरती चालू लागते आणि मूळ घाण तशीच राहते.

रेग्युलेटरच्या पुढे गॅस प्लग असतो. रायफलीवरून ग्रेनेड फेकताना वायूचा मार्ग पूर्ण बंद करण्याची सोय त्यात आहे. साफसफाईनंतर हा प्लग त्या बंद स्थितीत बसला तर रायफल एकेक गोळी बिनतक्रार झाडते, पण पुंगळी कधीच फेकत नाही. दर वेळी हाताने खटका ओढावा लागतो. स्प्रिंग बदलून, आकडा बदलून हैराण झाल्यावर हे लक्षात येणे फारसे दुर्मिळ नाही. म्हणून पाहणी येथून सुरू करावी.

पुंगळीच्या अंगावर धुराचा काळा पट्टा बुडापर्यंत आला असेल तर दाब कमी पडला आणि भिंत नीट चिकटली नाही. काडतूस कमजोर किंवा ओल लागलेले असण्याची शक्यता असते. अंगावर लांब समांतर ओरखडे असतील तर चेंबर खरबरीत झाले आहे, बहुधा गंजाने. बुडाची कड एका जागी कुरतडली गेली असेल तर आकड्याने ओढण्याचा प्रयत्न केला पण पुंगळी सुटली नाही. अशा वेळी बहुतेकांचा संशय आकड्यावर जातो. अनेकदा आकडा निर्दोष असतो आणि चेंबर घाणेरडे. मागच्या टोपीचा गोल कडेपर्यंत सपाट झाला असेल किंवा तिला भोक पडले असेल, तर दाब मर्यादेबाहेर गेला आहे आणि ती काडतुसे तत्काळ बाजूला ठेवावीत.

सर्वांत भीतीदायक खूण म्हणजे बुडापासून थोड्या अंतरावर पुंगळीभोवती दिसणारे चकचकीत कडे. तेथे पितळ ताणले जात आहे. पुढच्या वेळी पुंगळी त्याच रेषेवर तुटते, बूड बाहेर येते आणि पुढचा अर्धा भाग चेंबरमध्येच राहतो. त्यानंतरचे काडतूस त्या तुटक्या नळीत घुसते आणि रायफल बंद पडते. तो तुकडा काढण्यासाठी खास अवजार लागते. याचे मूळ बहुतेक वेळा ब्लॉक आणि चेंबर यांच्यातील वाढलेल्या अंतरात असते. एसएलआरमध्ये ब्लॉक ज्या आडव्या कांडीवर टेकतो, ती निरनिराळ्या मापांत मिळते आणि मापक लावून योग्य जाडीची बसवावी लागते. हे काम फक्त कार्यशाळेचे.

एका वेळी एकच बदल

आपल्याकडे बिघाड झाला की रायफलीलाच दोष देण्याची सवय आहे. प्रत्यक्षात क्रम उलटा ठेवला तर वेळ वाचतो. आधी मॅगझिन, मग काडतूस, मग सफाई, मग वायू आणि शेवटी सुटे भाग.

मॅगझिनचा पुंगळीशी काय संबंध, असे कोणी विचारील. मॅगझिनचे ओठ वाकले असतील तर वरचे काडतूस जास्त उंच राहते, मागे येणाऱ्या ब्लॉकला खालून घासते आणि त्याचा वेग खातो. अशा रायफलीची शेवटची पुंगळी छान उडते आणि मधल्या अडकतात. ही एक खूण पुरेशी बोलकी आहे. म्हणून मॅगझिनांवर क्रमांक टाकावेत. तेच मॅगझिन दुसऱ्या रायफलीत आणि दुसरे मॅगझिन याच रायफलीत घालून पाहावे. दोष मॅगझिनबरोबर फिरला तर उत्तर मिळाले. तेच काडतुसांच्या बाबतीत. प्रत्येक पेटीवर लॉट क्रमांक असतो. पाच रायफली एकाच लॉटवर कुरकुरत असतील तर पाचही रायफली एकदम बिघडलेल्या नसतात. सगळे एकदम बदलून ‘झाले बुवा ठीक’ म्हणणाऱ्याला दोष कुठे होता हे कधीच कळत नाही आणि तो पुन्हा उद्भवतो.

सफाईबाबत विदर्भाचे हवामान दोन टोकांचे आहे. मे महिन्यात पारा ४५ अंशांपलीकडे जातो. उन्हात तापलेल्या गाडीत ठेवलेल्या काडतुसांची दारू अधिक जोमाने जळते आणि दाब वाढतो. त्याच महिन्यात धूळ इतकी की तेलाचा जाड थर दिलेली रायफल तासाभरात कानसेच्या लगद्यासारखा मळ गोळा करते. पावसाळ्यात उलट गत. जंगलातील गस्तीत भिजलेले चेंबर एका रात्रीत तांबूस पडते आणि त्या बारीक गंजखड्ड्यांत पुंगळीचे पितळ रुतते. यावर जास्त तेल हा उपाय नाही. सरकणाऱ्या भागांवर पातळ हात, आणि गोळीबारापूर्वी चेंबर, दट्ट्या व वायूचा मार्ग कोरडा. चेंबर तेलकट राहिले तर पुंगळी भिंतीला धरत नाही आणि बाराचा सारा रेटा ब्लॉकवर येतो. नळी सर्वजण साफ करतात. चेंबरला स्वतंत्र ब्रश लागतो, हे अनेकांच्या गावी नसते.

या दुर्लक्षाची किंमत अमेरिकेने व्हिएतनाममध्ये मोजली. १९६० च्या दशकाच्या मध्यावर तेथे नव्याने दिलेल्या एम-१६ रायफली ऐन चकमकीत बंद पडू लागल्या. पुंगळी चेंबरमध्ये रुतून बसे आणि जवान नळीतून गज घालून ती मागे ठोकत असे. निकामी रायफल हातात घेऊन माणसे मेली. १९६७ मध्ये अमेरिकी संसदेच्या समितीने चौकशी केली. काडतुसातील दारूचा प्रकार बदलला होता, त्यामुळे रायफलीचा वेग आणि काजळी वाढली होती. चेंबरला क्रोमचा मुलामा नव्हता. आणि ही रायफल साफ करावी लागत नाही असा समज पसरल्याने सफाईचे साहित्यच पुरेसे दिले गेले नव्हते. पुढे मुलामा आला, साहित्य आले आणि सफाई शिकविण्यासाठी विल आयस्नर या नामवंत चित्रकथाकाराकडून सचित्र पुस्तिका काढून घेण्यात आली. कागदावर उत्तम असलेले शस्त्र दारूच्या एका बदलाने कसे लंगडे होते, याचा हा जगातला सर्वांत महागडा धडा मानला जातो.

‘फुस्’ आवाज झाला तर

आता ज्यासाठी हा लेख मुख्यतः लिहिला, तो मुद्दा. पुंगळी बाहेर न पडण्याचे एक कारण असे आहे की ज्यात नेहमीचा उपाय जीवघेणा ठरतो.

सरावात शिकविलेली सवय अशी असते: रायफल थांबली, खटका ओढा, पुंगळी झटका, पुढचे काडतूस भरा, झाडा. बहुतेक वेळा हे बरोबरच आहे. चकमकीत विचार करायला वेळ नसतो. परंतु काडतुसात दारू नसेल किंवा भिजलेली असेल तर केवळ टोपीच्या जोरावर गोळी नळीत थोडी पुढे जाऊन रुतते. आवाज ‘धाड्’ असा न होता ‘फुस्’ किंवा ‘ठप्’ असा होतो, खांद्याला धक्का बसत नाही आणि वायूच नसल्याने पुंगळी अर्थातच बाहेर पडत नाही. लक्षण तेच, ‘केस अडकली’. सवयीने खटका ओढून पुढची गोळी झाडली तर ती नळीत अडकलेल्या गोळीवर आदळते आणि नळी फुगते किंवा फाटते. झाडणाऱ्याचा डावा हात आणि चेहरा तेथून वीतभर अंतरावर असतो. म्हणून हलका आवाज ऐकू आला की हात थांबला पाहिजे. मॅगझिन काढावे, चेंबर रिकामे करावे आणि नळीत आरपार उजेड दिसतो का, हे मागच्या बाजूने पाहिल्याशिवाय पुढची गोळी झाडू नये.

चाप ओढूनही बार झालाच नाही, तर सराव मैदानावर नळी लक्ष्याकडे रोखून काही काळ स्तब्ध राहणे हाच नियम. क्वचित टोपी उशिरा पेट घेते. अशा क्षणी ब्लॉक उघडला तर पुंगळी चेंबरच्या आधाराविना फुटते. आत रुतलेल्या पुंगळीसाठी दस्ता जमिनीवर आपटणे, खटक्यावर बुटाने लाथ मारणे हे प्रकारही पाहायला मिळतात. आत जिवंत काडतूस असेल तर त्याचा परिणाम काय होईल, हे वेगळे सांगायला नको.

छोटासा वाटणारा आणखी एक धोका गरम पुंगळीचा. शेजारच्याची पुंगळी कॉलरमध्ये शिरली की माणूस दचकून वळतो, आणि त्याच्याबरोबर रायफलीचे तोंडही वळते. बोट चापावरच असते. डावखुऱ्यांच्या बाबतीत तर खिडकी थेट चेहऱ्यासमोर येते. गळ्याचे बटण लावणे आणि बोट चापाबाहेर ठेवणे, इतकाच उपाय.

सामान्य नागरिकाच्या हाती अशी रायफल पडण्याचा प्रश्न फारसा येत नाही. शस्त्र अधिनियम १९५९ आणि त्याखालील २०१६ चे नियम बहुतेक अर्धस्वयंचलित रायफली प्रतिबंधित वर्गात ठेवतात. घरी येणारा मुलगा किंवा मुलगी पोलीस भरती होऊन प्रशिक्षणाला गेली असेल, तर मात्र ‘तुझी रायफल पुंगळी कुठे फेकते?’ हा प्रश्न विचारून पाहायला हरकत नाही.

न्यायसहायक प्रयोगशाळेत याच पुंगळ्यांचे दुसरे वाचन होते. आकड्याने कडेवर केलेला ओरखडा, इजेक्टरने बुडावर उमटविलेला ठसा आणि टोपीवरील खूण सूक्ष्मदर्शकाखाली जुळवून ती कोणत्या शस्त्रातून निघाली हे ठरविले जाते. घटनास्थळी ती कुठे पडली यावरून झाडणारा कुठे उभा होता याचा अंदाज बांधताना मात्र तज्ज्ञ सावध असतात. रेग्युलेटरची जुळणी, रायफलीचा कल, जमिनीचा कठीणपणा, यांतील काहीही बदलले की पुंगळी भलतीकडे जाते. म्हणून अशा प्रकरणात तीच रायफल, त्याच रेग्युलेटरच्या स्थितीत, त्याच प्रकारच्या काडतुसांनी पुन्हा झाडून पुंगळ्या कुठे पडतात ते मोजावे लागते. जप्त केलेल्या शस्त्राचा रेग्युलेटर पंचनाम्यापूर्वीच कोणी फिरविला असेल, तर ते मोजमाप निरुपयोगी होते.